रंगवलेले केस पंधरा दिवसांत तांबूस पडतात: किनारपट्टीवरची नेहमीची तक्रार आणि तिच्यावरचे उपाय

वेंगुर्ले तालुक्यात खाडीजवळच्या एका वाडीत मी अठरा वर्षं पार्लर चालवते. मार्च संपत आला की एकच तक्रार घेऊन बायका येऊ लागतात. "रंग रवनाच नाय गो बाय, पंदरा दिसांत केस तांबडे झाले." मग त्या पाकीट बदलून बघतात. महागातलं आणतात, कुणी मुंबईहून मागवतात, कुणी 'अमोनिया नाही' लिहिलेलं घेतात. जूनमध्ये पाऊस लागतो, तक्रारी कमी होतात आणि शेवटचं पाकीट चांगलं निघालं असं सगळ्यांना वाटतं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच सुरू होतं.

मीही बरीच वर्षं पाकिटंच बदलून पाहिली. आता कुणी विचारलं तर आधी विचारते, बाई, डोक्यावरून पाणी कुठलं घेता? इथल्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात आणि साबणात सापडतं. पण पाण्यावर येण्याआधी केसांना नेमकं काय झालंय ते ओळखायला हवं, कारण 'रंग गेला' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

आधी ओळखा: गेला, बसलाच नाही, की बदलला?

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पंधरा दिवसांत मुळाशी अर्धा सेंटिमीटरचा पांढरा पट्टा दिसणारच. भांग पाडला की तो आधी डोळ्यांत भरतो. इथे रंग कुठेच गेलेला नाही, नवा केस आला आहे. यावर उपाय एकच, फक्त मुळांना रंग लावणे. दर वेळी मुळापासून टोकापर्यंत सगळं रंगवत बसलात तर पुढे चौथी म्हणून येणारी, छटा बदलल्याची तक्रार तुम्ही स्वतःच ओढवून घेता. असं का, ते खाली येईल.

दुसरी तक्रार, पहिल्याच धुण्याला पाण्यातून काळं गेलं आणि कानशिलं पांढरीच राहिली. इथे रंग आत गेलाच नाही. तिसरी, रंग चांगला बसला होता, पण दर धुण्याला थोडा थोडा फिकट होत गेला. इथे आत गेलेला रंग झिरपून बाहेर येतो आहे. आणि चौथी, रंग फिका झाला नाही, छटा बदलली, काळ्याचं तांबूस किंवा पितळी झालं.

कुठली तक्रार आपली, हे कळायला एक साधी युक्ती आहे. पुढच्या वेळी रंग लावताना कानामागची एक बारीक पांढरी बट मुद्दाम न रंगवता सोडा. वरच्या केसांखाली ती दिसत नाही. महिन्याने ती बट खिडकीपाशी सकाळच्या उजेडात बघा. पांढरीच असेल तर पाणी बरं आहे. ती पिवळट किंवा गंजल्यासारखी झाली असेल, तर तुमच्या पाण्यातून काहीतरी केसावर बसतं आहे, कारण त्या बटेला रंग लागलेलाच नव्हता. आमच्याकडे ही 'राखीव बट' आता सगळ्या ओळखतात.

केसात रंग बसतो म्हणजे काय होतं

हे समजून घेतलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथे जरा थांबते.

केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे मंगलोरी कौलांचं छप्पर समजा. बारीक खवल्यांचे पाच ते दहा थर एकावर एक, आणि सगळ्या कौलांची तोंडं टोकाकडे, जशी घराची कौलं पागोळ्यांकडे उतरतात. आतला गाभा केराटिन नावाच्या प्रथिनाचा. आपला नैसर्गिक काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, याच गाभ्यात असतो. कौलांच्या वरच्या बाजूला एका स्निग्ध आम्लाचा अतिशय पातळ थर असतो. तो तेलासारखा नुसता वर लावलेला नसतो, खवल्याशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. त्याच्यामुळे धडधाकट केसावरून पाणी घरंगळतं.

पाकिटातला कायमचा रंग दोन भागांत येतो. एका भागात पीपीडी नावाच्या रसायनाचे किंवा तिच्या जातीचे अगदी लहान, जवळजवळ बिनरंगी रेणू आणि अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य असतं. दुसऱ्या भागात हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कामुळे मिश्रणाचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क) ९ ते १०.५ पर्यंत जातो, केस फुगतो आणि कौलं उचलली जातात. लहान रेणू फटींतून आत शिरतात. आत पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना धरतात आणि मोठा, रंगीत रेणू तयार होतो. आता तो आला त्या फटीतून सहज बाहेर पडू शकत नाही. चढणीचे मासे धरायला ओहोळात बांबूचा सापळा लावतात, आत जायला सोपा आणि बाहेर यायला अवघड, तसंच हे. फरक इतकाच की इथे आत गेल्यावर मासाच मोठा होतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाकिटातला रंग केसाला गोंदासारखा चिकटलेला नसतो, तो मुख्यतः आत अडकलेला असतो. फटी पुन्हा उघडल्या की तो हळूहळू निसटतो. फटी उघडतात अल्काने, गरम पाण्याने आणि वारंवार भिजण्याने. भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी पितो आणि त्याची जाडी चौदा-पंधरा टक्क्यांनी वाढते. रोज डोक्यावरून आंघोळ म्हणजे रोज फुगणं आणि रोज आकसणं.

ही रीत नवी नाही. पीपीडीपासून असा रंग उमटतो हे १८६३ मध्ये हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं आणि १९०७ मध्ये पॅरिसमध्ये यूजीन श्युएलरने तिच्यावर आधारलेला केसांचा रंग बाजारात आणला. आजच्या बहुतेक पाकिटांत तत्त्व तेच आहे. म्हणून नुसतं पाकीट बदलून प्रश्न सुटत नाही. 'अमोनिया नाही' लिहिलेल्या पाकिटांतही बहुधा दुसरं, वास न येणारं अल्क असतं. नाकाला बरं वाटतं, पण कौलं उचलली जातातच.

रंग बसलाच नाही, तर

आमच्याकडे याचं पहिलं कारण खोबरेल. रोज चपचपीत तेल लावणाऱ्या बाईच्या केसावर तेलाचा थर असतो, आणि त्या थरातून पाण्यातला रंग आत जायला वेळ लागतो. रंगाच्या आधी दोन दिवस तेल नको. आदल्या दिवशी साध्या शाम्पूने केस धुवा आणि त्या वेळी कंडिशनर लावू नका. त्याच दिवशी खसाखसा चोळून धुतलंत तर टाळूची आग होते, म्हणून आदला दिवस.

दुसरं कारण पंखा. एप्रिलच्या उकाड्यात रंग लावून बाई पंख्याखाली बसते आणि पंधरा मिनिटांत रंग वाळतो. वाळलेला रंग काम करत नाही, कारण रेणू आत जातात ते ओलाव्यातून. पंखा बंद ठेवा, नाहीतर डोक्याला प्लॅस्टिकची टोपी घाला.

तिसरं, कालवून ठेवलेला रंग. दोन भाग एकत्र केले की वाडग्यातच रेणू एकमेकांना धरू लागतात, आणि एकदा मोठे झाले की आत शिरत नाहीत. कालवला की लगेच लावायचा, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात. उरलेला टाकून द्यायचा. अर्धा रंग पुढच्या महिन्यासाठी बाटलीत भरून झाकण घट्ट लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तो रंग तर फुकट जातोच, शिवाय पेरॉक्साइडमधून सुटणाऱ्या वायूने बाटली फुटू शकते. अर्धाच लागणार असेल तर दोन्ही भागांतलं अर्धं अर्धंच कालवा आणि न कालवलेले दोन्ही भाग वेगवेगळे, थंड जागी, झाकण लावून ठेवा.

कानशिलावरचे पांढरे केस जरा हट्टी असतात. तिथे रंग सगळ्यात आधी लावा, म्हणजे त्यांना वेळ जास्त मिळतो. आणि वेळ मोजायचा तो लावून संपल्यापासून, सुरुवात केल्यापासून नव्हे. पाकिटावर जितका लिहिला आहे तितका पूर्ण द्या, त्याहून जास्तही नको.

छटा बदलली, तर: इथे पाण्याची गोष्ट

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. दर उन्हाळ्यात त्यांचे केस तांब्यासारखे व्हायचे आणि पावसाळ्यात बरे असायचे. तीन कंपन्यांचे रंग झाले. एकदा मी त्यांच्या घरी आमसुलं आणायला गेले तर न्हाणीघरातल्या पांढऱ्या बादलीला आतून तपकिरी थर होता आणि मगच्या तळाशी गाळ. विचारलं तर म्हणाल्या, विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं, मग बोअर चालू करतो.

आपली जमीन जांभ्याची. जांभा तांबडा आहे तो लोहामुळे, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं, पण तेच लोह बोअरच्या पाण्यातून डोक्यावर येतं हे मलाही सुचलं नव्हतं. असं पाणी नळातून येताना काचेसारखं स्वच्छ दिसतं. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजासारखं होऊन तळाशी बसतं. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात. केसावर तर ते कपड्याहून सहज बसतं, कारण केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि लोहाच्या कणांवर धन.

घरी तपासायला दोन उपाय. काचेच्या पेल्यात पाणी रात्रभर उघडं ठेवा, सकाळी तळाशी तपकिरी दिसलं की समजा. दुसरा, पेलाभर ताज्या पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड घाला. हिरड्यातलं टॅनिन लोहाशी मिळून निळसर काळं होतं. पाण्यात लोह बरंच असेल तर शाई सांडल्यासारखं दिसतं. चहा नेहमीपेक्षा काळपट होतो, तोही याचाच एक प्रकार.

लोह दोन प्रकारे त्रास देतं. एक तर त्याचा स्वतःचा गंजरंग केसावर चढतो. दुसरा त्रास जास्त गंभीर. पेरॉक्साइड धातूला भेटलं की फार वेगाने फुटतं. रंग असमान होतो, केस खरबरीत होतो आणि लोह किंवा तांबं जास्त असेल तर केस गरम होतात. सात वर्षांपूर्वी माझ्या हातून हे घडलं आहे. एका मुलीच्या केसांवर मी न तपासता रंग लावला. दहा मिनिटांत तिने डोकं तापतंय म्हणून सांगितलं आणि हात लावला तर खरंच गरम. लगेच धुतलं, टाळू वाचली, पण टोकं तुटली. तिने आधी कुठलीशी धातूचे क्षार असलेली पूड लावली होती आणि मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून नव्या गिऱ्हाइकाची एक बट कापून तपासल्याशिवाय मी रंग कालवत नाही.

ती तपासणी अशी: काचेच्या वाटीत ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड दोन चमचे, त्यात अमोनियाचे वीस थेंब, आणि त्यात कापलेली बारीक बट अर्धा तास बुडवून ठेवायची. वाटी गरम झाली, फेस आला किंवा बटेचा रंग एकदम बदलला तर त्या केसांवर रंग लावायचा नाही. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला.

बाईंच्या बाबतीत आम्ही राखीव बट ठेवली. महिन्याने ती पिवळट गंजकी झाली. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. बोअरचं पाणी दोन बादल्यांत उंचावरून ओतून आदल्या रात्री भरून ठेवायचं, सकाळी वरचं पाणी जाड सुती फडक्यातून गाळून घ्यायचं आणि तळाचं झाडांना. उंचावरून ओतल्याने हवा मिसळते, लोह लवकर खाली बसतं. आणि रंगाच्या दोन-तीन दिवस आधी एकदा धातू काढणाऱ्या शाम्पूने केस धुवायचे. याला कीलेटिंग शाम्पू म्हणतात. त्याच्या घटकांत ईडीटीएचं, म्हणजे धातू पकडणाऱ्या रसायनाचं, नाव वरच्या बाजूला असतं. तेल काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू वेगळा, त्याने लोह निघेलच असं नाही. मे महिन्यात बाई आल्या तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि मुळांखेरीज कुठे हात लावायची गरज नव्हती.

एक सावधगिरी. लोह काढायला व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून लावा असं फिरत असतं. त्याने लोह सुटतं हे खरं, पण ताजा रंगही सुटतो. करायचंच असेल तर रंगाच्या आधी, नंतर कधीच नको.

तांबूस होण्याचं दुसरं एक कारण आहे आणि तिथे पाण्याचा दोष नाही. राखीव बट पांढरी राहिली, पण आधी काळे असलेले केस तांबूस झाले, तर तो तुमच्याच मेलॅनिनचा उजळलेला रंग आहे. अल्क आणि पेरॉक्साइड नुसता रंग चढवत नाहीत, आतलं काळं थोडं उजळतातही. वरून दिलेला रंग झिरपला की ते उजळलेलं उघडं पडतं. ज्या बायका दर महिन्याला पूर्ण लांबी रंगवतात त्यांचं काळं दर महिन्याला थोडं आणखी उजळतं. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, मुळांनाच लावा. टोकं फार फिकी झाली तर शेवटची पाच मिनिटं मिश्रण खाली ओढून घ्या, तेवढं पुरतं.

उन्हाचाही हात आहे. मासे सुकवायला दिवसभर पुळणीवर असलेल्या गाबीत (मच्छीमार समाजातल्या) बायकांचे न रंगवलेले केससुद्धा टोकांना पिंगट होतात. डोक्याला फडकं बांधायची त्यांची सवय केसांच्याही कामाची आहे. समुद्रात उतरणार असाल तर आधी गोड्या पाण्याने केस भिजवा. आधीच भरलेला केस खारं पाणी कमी पितो. आल्यावर लगेच धुवा, मीठ केसातच सुकू देऊ नका.

हळूहळू फिकट होत असेल, तर: साबण

अंगाच्या साबणाने डोकं धुणाऱ्या घरांत हे हमखास. साबण अल्कधर्मी असतो, साधारण ९ ते १० पीएचचा, म्हणजे रंग लावताना कौलं उचलायला जे वापरलं तेच दर धुण्याला. त्यात खाडीकाठच्या विहिरीचं जड पाणी असलं तर साबणाचा चुन्यासारखा थर केसावर बसतो आणि केस धुऊनही चिकट वाटतो. जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा नको. साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिजायला वेळ लागतो, एवढं पुरे.

शाम्पू वापरा, सौम्य. शिकेकाई चालेल. तिच्यातला फेस सॅपोनिन या नैसर्गिक फेसाळ द्रव्याचा, आणि तिचं पाणी साबणासारखं अल्कधर्मी नसतं. मात्र गाळून घ्या, कारण भरड पूड चोळली की खवले घासले जातात. पाणी कोमट, कढत नको. आठवड्यातून दोनदा डोकं धुतलं तरी चालतं, बाकीचे दिवस केस वर बांधून अंघोळ करा.

शेवटच्या पाण्याला थोडं आम्ल द्या. लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस. केसाला थोडं आम्लधर्मी पाणी मानवतं, फुगलेला केस आकसतो, खवले खाली बसतात. आमसुलाचं पाणी वापरू का, असं बऱ्याच जणी विचारतात. आम्ल म्हणून ते चालेल, पण त्याचा स्वतःचा लाल रंग पांढऱ्या केसांवर उमटतो, म्हणून मी सांगत नाही.

पावसाळ्यात सोय आपोआप होते. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, नंतर पागोळ्यांचं पाणी कळशीत धरून शेवटच्या पाण्याला घ्या. त्यात ना लोह, ना चुना.

कंडिशनर टिकत नाही, ही तक्रार

कंडिशनर पुढच्या धुण्यापर्यंतच टिकण्यासाठी केलेलं असतं. केसावर ऋण भार असतो हे वर आलं. कंडिशनरमध्ये धन भाराचे रेणू असतात, घटकांत बेहेनट्रायमोनियम, सेट्रिमोनियम किंवा पॉलिक्वाटर्नियम अशी नावं दिसतात. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि ते केसावर बसतात, त्यांची स्निग्ध शेपटी बाहेरच्या बाजूला, म्हणून केस मऊ लागतो. खूप धुतलं तरी एक पातळ थर राहतो. खराब झालेल्या केसावर, विशेषतः टोकांना, ऋण जागा जास्त असतात, म्हणून कंडिशनर गरज असते तिथेच जास्त बसतो. मला यातली ही गोष्ट फार आवडते.

शाम्पूच्या रेणूवर मात्र ऋण भार. म्हणून कंडिशनर आणि शाम्पू तळहातावर एकत्र करून लावलं तर दोघं एकमेकांना धरतात आणि केसाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. शाम्पू पूर्ण धुऊन काढा, केस पिळून पाणी काढा, मग कानाच्या खालच्या लांबीला कंडिशनर, दोन-तीन मिनिटं. टाळूला नको. साबणाने धुतलेल्या केसावर साबणाचा थर असतो, तिथे महागडा कंडिशनरही बसत नाही.

आत शिरणारी वस्तू म्हणाल तर ती आपल्या घरातच आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लांबीने लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत जातं. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून जाणारं प्रथिन कमी झालं ते फक्त खोबरेलाने. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना थोडं खोबरेल लावाच, फक्त रंगाच्या आधीचे दोन दिवस सोडून.

मेंदीवाल्यांसाठी

मेंदीची रीत वेगळी. तिच्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी खऱ्या अर्थाने बंध करतं, नुसतं अडकून राहत नाही. म्हणून मेंदीचा रंग फिका पडला तरी पूर्ण जात नाही, केस वाढून कापला जाईपर्यंत राहतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो, दोन ते चार तास, आणि नंतर एक दिवस शाम्पू नको. मेंदी चढत नसेल तर तेल किंवा जुनी पूड, दोनच कारणं.

आमच्याकडे लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची पद्धत आहे. रंग गडद येतो, कारण लोह मिसळतं. जन्मभर मेंदीच लावणार असाल तर खुशाल करा. पण तीन आठवड्यांनी लग्न आहे म्हणून त्याच केसांवर पाकिटातला रंग लावणार असाल, तर वर सांगितलेली वाटीतली तपासणी केल्याशिवाय नको.

काळं हवं असेल तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड. ती कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची, मेंदीसारखी रात्रभर भिजवायची नाही. धुतल्यावर हिरवट दिसली तर घाबरू नका, हवा लागून एक-दोन दिवसांत गडद होते. अर्ध्या तासात काळं करणारी 'काळी मेंदी' मात्र वेगळी. शुद्ध मेंदी काळी नसतेच. त्या पुड्यांत बहुतेक वेळा पीपीडी असते.

हे घरी निस्तरायचं नाही

रंगानंतर टाळू, कान, मान खाजली, पापण्या सुजल्या, पुरळ किंवा पाणी आलं, तर रंग लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. श्वास घ्यायला त्रास वाटला तर एक मिनिटही थांबू नका. ही पीपीडीची ॲलर्जी असू शकते, आणि एकदा झाली की पुढच्या वेळी जास्त जोराने येऊ शकते. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून आज होणार नाही असं नाही. जत्रेत हातावर काढलेल्या काळ्या मेंदीच्या नक्षीनेही ती सुरू होते, त्यामुळे कॉलेजच्या मुलींना मी हे आवर्जून विचारते. प्रत्येक वेळी रंगाच्या ४८ तास आधी कोपराच्या आत थोडा रंग लावून बघा. घाई आहे म्हणून हे टाळायला सांगणाऱ्या पार्लरमध्ये जाऊ नका.

खडकावरचे शिणाणे

कुठलाच रंग कायमचा घट्ट का बसवता येत नाही, असं माझ्या भाचीने विचारलं होतं. ती रत्नागिरीला रसायनशास्त्र शिकते, आणि उत्तर शेवटी तिनेच शोधून आणलं. ओहोटीला खडकावर शिणाणे, म्हणजे खडकाला घट्ट धरून बसणारे शिंपले दिसतात. लाटा आदळतात, तरी सुटत नाहीत. त्यांच्या धाग्यांतल्या प्रथिनांत डोपा नावाचा घटक असतो, ओल्या पृष्ठभागाला धरणारा. त्याच्याच नात्यातल्या डोपामिनपासून जवळजवळ कुठल्याही वस्तूवर पातळ, गडद थर बसवता येतो हे २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. हा गडद पदार्थ आपल्या मेलॅनिनचा भाऊबंदच. त्याने केस रंगवता येतील का, यावर प्रयोग चालू आहेत. बाजारात येईल तेव्हा येईल, पण ज्या शिणाण्यांचं आपण सुकं करून खातो त्यांच्याकडून केसांचा रंग शिकला जातोय, हे मला दर ओहोटीला आठवतं.

रंगाच्या आठवड्याचा क्रम

रविवारी रंग लावायचा असं धरू. गुरुवारी कीलेटिंग शाम्पू, फक्त बोअरचं पाणी असेल त्यांनी. शुक्रवारी कोपराला रंग लावून बघायचा. शुक्रवारपासून तेल बंद. शनिवारी साधा शाम्पू, कंडिशनर नाही, आणि संध्याकाळी दोन बादल्या पाणी उंचावरून ओतून ठेवायचं. रविवारी कोरड्या केसांवर रंग, आधी कानशिलं, मग भांग, मग मागची मुळं. वेळ संपल्यावर निवळलेल्या, गाळलेल्या पाण्याने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाकिटासोबत येणारा कंडिशनर आम्लधर्मी असतो, उरलेलं अल्क मारायला, तो टाकून देऊ नका. त्यानंतर बुधवारपर्यंत शाम्पू नाही.

ज्यांच्या विहिरीला मे महिन्यात भरतीबरोबर खारं पाणी लागतं त्यांनी त्या महिन्यापुरतं एवढं करा: डोकं धुवायला लागणारी एक कळशी गोडं पाणी वरच्या वाडीतून किंवा नळयोजनेच्या पाण्यातून बाजूला काढून ठेवा. अंगाला खारं चालेल. केसांना तेवढी एकच कळशी पुरते, आधी मगाने भिजवून, शाम्पूला थोडं आणि उरलेली अर्धी शेवटच्या पाण्याला.